निष्पत्तीची बेरीज

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘निष्पत्ती’ हा शब्द प्रथम भेटतो तो काव्यशास्त्राच्या तासाला. भरताच्या रससूत्रातील या एका शब्दाचा अर्थ लोल्लटाने उत्पत्ती, शंकुकाने अनुमिती, भट्टनायकाने भुक्ती, तर अभिनवगुप्ताने अभिव्यक्ती असा लावला. हल्ली अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर हाच शब्द ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणून छापलेला असतो. तेथे वाद नाही, तक्ता आहे.

तक्त्याची रीत अशी : प्रत्येक पेपरच्या चार-पाच निष्पत्ती लिहायच्या, पदवीच्या व्यापक निष्पत्तींशी त्यांचे नाते १, २, ३ या आकड्यांनी दाखवायचे आणि परीक्षेच्या गुणांवरून त्या किती साधल्या ते काढायचे. ही पद्धत रुजली ती अभियांत्रिकीत. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. तिथे ती अपरिहार्यच होती. नॅकच्या मूल्यांकनामुळे ती कला शाखेतही आली. तिचे श्रेय नाकारू नये. शिकवून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यावे, हे आम्ही पूर्वी कागदावर कधी मांडलेच नव्हते.

अडचण मोजण्यात आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आहेत. इथला विद्यार्थी प्रमाण मराठीखेरीज आपली बोली घेऊन वर्गात येतो. काही वर्षांपूर्वी मी उत्तरपत्रिका तपासत होतो. रसग्रहणाच्या प्रश्नाला बहुतेकांनी गाइडमधले मुद्दे ओळीने उतरवले होते. एकाने मात्र लिहिले होते, की आमच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून घरी ही कविता म्हणताना तिचा कठोरपणा जातो. माझ्या हातातल्या मुद्द्यांच्या यादीत हे नव्हते. मी त्याला १६ पैकी ६ गुण दिले, गाइडवाल्यांना ११. ‘स्वतंत्र रसग्रहण करू शकेल’ ही निष्पत्ती या गुणांवरून काढली, तर ती साधली गाइडवाल्यांना, हुकली त्या एकट्याची. चूक माझी होती. पण तक्त्यात ती कुठेच दिसणार नाही.

शिवाय अमुक टक्के गुण म्हणजे निष्पत्ती साधली, ही रेषा अनेकदा महाविद्यालयच आखते. ती थोडी खाली ओढली की शिकवणे न बदलताही निष्पत्ती वाढते. लोल्लटालाही इतकी सोपी उत्पत्ती सुचली नसती!

उपाय अवघड नाही. वर्गात न शिकवलेली एखादी कविता वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस त्याच विद्यार्थ्यासमोर ठेवावी आणि त्याची दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचावीत. फरक दिसेल, किंवा दिसणार नाही. मात्र ज्या विभागाचा निम्मा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे, तिथे या वाचनाच्या तासांचे मानधन कोणत्या सदरात धरायचे, ते आधी ठरवावे लागेल.