‘मिथ्या’ म्हणण्याआधी अमृतानुभव उघडावा

वाचक माउलीहो, दोरीवरच्या सापाचा दृष्टांत तुम्ही सप्ताहात किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. दिवेलागणीची वेळ, वाटेत दोरी, माणूस भ्याला, कंदील आणला, साप गेला. मग बुवा म्हणतात, असाच हा संसार, असेच तुझे घर, असेच तुझे लेकरू. आणि हेच ज्ञानोबारायांचे तत्त्वज्ञान. मृदंगावर थाप पडते आणि अभंग पुढे सरकतो. दृष्टांतात खोट नाही. त्याला जे नाव चिकटवले जाते, ते मात्र तपासून पाहिले पाहिजे.

आमच्या सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात तत्त्वज्ञान कॉलेजच्या पुस्तकातून येत नाही, कीर्तनातून येते. खरे काय, ते कळते कशाने, आणि कळल्यावर वागावे कसे, हे तिन्ही प्रश्न शेतकरी माणूस पहिल्यांदा फडावरच ऐकतो. म्हणजे कीर्तनकार हेच त्याचे पहिले पुस्तक. त्या पुस्तकात दोन मतांची खिचडी झाली, तर निवडून देणार कोण?

आधी आचार्यांचे पाहू. शंकराचार्यांनी जगाला मिथ्या म्हटले, पण ‘मिथ्या’ म्हणजे बाजारातले ‘खोटे’ नव्हे. त्यांच्या परंपरेत सत्ता तीन तऱ्हेची मानतात. दोरीवरच्या सापाची प्रातिभासिक, घर-शेत-लेकरू यांची व्यावहारिक, आणि ब्रह्माची पारमार्थिक. दोरीवरचा साप घटकाभराचा. घर-शेत ब्रह्मज्ञान होईपर्यंत बाधत नाही, त्यात भूक खरी, कर्ज खरे, धर्म खरा. बुवा पहिली आणि दुसरी सत्ता एकत्र कालवतात आणि सापाच्या पंक्तीला लेकरू नेऊन बसवतात. हे शंकराचार्यांचेसुद्धा मत नाही. मग ज्ञानोबारायांचे कुठून असणार?

आता अमृतानुभव. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. ती झाल्यावर निवृत्तिनाथांच्या आज्ञेने माउलींनी हा ग्रंथ केला, अशी आपली परंपरा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, तिथे वाट गीतेची. अमृतानुभवात पुढे कोणी नाही, माउली स्वतःचे बोलतात. प्रकरणे दहा, ओव्या आठशेंवर, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग एकट्या सातव्या प्रकरणाने व्यापला आहे. त्या प्रकरणाचे नाव अज्ञानखंडन. ज्या अज्ञानाच्या पायावर दोरी-सापाचा सारा डोलारा उभा, तो पायाच माउली तिथे उकरून काढतात.

त्यांचा वाद साध्या भाषेत असा. अज्ञान आहे म्हणता, तर ते राहते कुठे? ज्ञानस्वरूप आत्म्यात राहते म्हणाल, तर त्याने आत्म्याला झाकले पाहिजे. झाकले, तर ‘अज्ञान आहे’ हे सांगायला जाणता कोण उरला? आणि झाकले नाही, तर त्याला अज्ञान म्हणायचे कशाला? डोळ्यावर सारा आला आणि डोळा पूर्वीसारखाच पाहतो आहे, तर तो सारा कसला! या कात्रीतून सुटायला माउली वाट ठेवत नाहीत. मग दिसते ते जग काय? ते आत्मवस्तूचेच स्फुरण, चिद्विलास. पाणी लाटांनी खेळते म्हणून पाणीपण सोडत नाही, तसे.

याच ग्रंथात शून्यवाद्यालाही उत्तर आहे. सगळे नाही म्हणतोस, तर ‘नाही’ हे कळले कोणाला? दिवा मालवणारा दिव्याबरोबरच मालवला, तर दिवा गेल्याचे सांगणार कोण? युरोपात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ च्या ग्रंथात सगळ्यावर संशय घेतला आणि संशय घेणाऱ्याशी येऊन थांबला. शिकलेली मुले हे नाव मोठ्या आदराने सांगतात, सांगावे. पण त्याने पुढे मन एकीकडे आणि देह दुसरीकडे केला, माउलींनी दोन होऊच दिले नाहीत.

विद्वानांत मतभेद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. डॉ. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानदेव शांकर अद्वैताचेच असे मांडले. त्यांच्याजवळ पुरावा नाही असे नाही. ज्ञानेश्वरीत मायानदी आहे, आणि भाष्यकारांना वाट पुसत आलो हे माउलींनीच सांगून ठेवले आहे. डॉ. भा. पं. बहिरट यांनी चिद्विलास हे माउलींचे स्वतंत्र मत धरले. मला बहिरटांचे पटते. तिसऱ्या प्रकरणात माउली शिवसूत्रांचा दाखला देतात, आणि सातव्यातला वाद तर कोणत्याही अर्थाने मायावादात बसवता येत नाही. पेंडशांचा पक्ष ज्ञानेश्वरीवर उभा राहतो, अमृतानुभवावर लंगडतो.

हा पंडितांचा वाद आपल्याला कशाला, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडे तेरवीला प्रवचन असते. कर्त्या पोराने विष घेतलेले घर. पुढे त्याची आई बसलेली. तिथे ‘कोण कुणाचे, सारा भास’ असे बोलणारे मी ऐकले आहेत. त्या माउलीचे दुःख दोरीवरचा साप ठरवायचे, कर्जही भास म्हणायचे, आणि बिदागी मात्र व्यावहारिक सत्तेत मोजून घ्यायची! चिद्विलास मानणाऱ्याला असे बोलता येणार नाही. त्याच्या लेखी तो पोरगा ईश्वराचेच रूप होता, म्हणून त्याचे जाणे हलके नाही आणि आईचे रडणेही अज्ञान नाही.

एक अडचण उरते, ती झाकून ठेवू नये. अज्ञान नाहीच, तर साधन कशाला, वारी कशाला? आठव्या प्रकरणात माउली ज्ञानाचेही खंडन करतात, तेव्हा ही अडचण आणखी टोचते. सातवे-आठवे वाचून थांबणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उत्तर नवव्यात आहे. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो, मग एकाच वस्तूत भक्तीचा व्यवहार का होऊ नये? वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले, त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. खडक एक, आणि तरी नमस्कार करायला देव समोर आहे.

म्हणून नव्या वाचकाला माझे सांगणे असे, की विष्णुबुवा जोग महाराजांची सार्थ प्रत घ्या आणि नवव्या प्रकरणापासून सुरुवात करा. मग सातवे, रोज पाच-सात ओव्या, दोघे-तिघे मिळून, एकाने पूर्वपक्ष धरून. एकादशीच्या रात्री जागर असतोच, तेव्हा वाद घालायला वेळही मिळतो.