येलदरीचा खोटा बर्फ

गेल्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त लाइक मिळवून देणारा फोटो येलदरी धरणाच्या बॅकवॉटरचा आहे. बघून ते कळत नाही. चार पट्टकदंब, डोक्यावरचे दोन-दोन काळे पट्टे ठळक, आणि बाकी सगळं पांढरं. खाली कुणीतरी विचारलं, "लडाख?" मी उत्तरात नुसता एक हसरा चेहरा टाकला. खोटं बोललो नाही, पण जिंतूर तालुका असंही लिहिलं नाही.

हा पांढरा रंग कसा येतो ते सांगतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतं. त्यामुळे बर्फाचा फोटो करडा, मळकट येतो. म्हणून बर्फात एक-दीड स्टॉप एक्स्पोजर वाढवतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण जानेवारीत पाण्यावर धुकं असतं. तीच युक्ती धुक्यावर चालवली की मागची बाभळ, विजेचा खांब, पाण्यातला मोटारीचा पाइप, सगळं विरघळतं. उरलंसुरलं घरी बसून पुसायचं आणि रंग थोडा निळ्याकडे सरकवायचा. झाला बर्फ.

हे आम्ही कुठून शिकलो? व्हँसाँ म्युनिए या फ्रेंच छायाचित्रकाराचं काम तुम्ही नाव माहीत नसतानाही पाहिलं असेल. हिमबिबट्याच्या शोधावरच्या त्याच्या माहितीपटाला 2022 मध्ये सेझार पुरस्कार मिळाला. जपानमधल्या होक्काइदो बेटावरच्या लाल डोक्याच्या क्रौंचांवर त्याचं 'तांचो' नावाचं पुस्तक आहे. पांढऱ्यावर पांढरा पक्षी, रेघेपुरता दिसणारा पंख. मला ही शैली आवडते, अजूनही. त्या पोकळीत पक्षी किती एकटा आणि किती चिवट आहे ते एका नजरेत कळतं.

पण त्या क्रौंचांची गोष्ट वाचल्यावर माझा थोडा गोंधळ झाला. शिकारीमुळे आणि पाणथळ जागा गेल्यामुळे ते जपानमधून संपले असंच मानलं जात होतं. 1924च्या सुमारास कुशिरोच्या दलदलीत जेमतेम डझन-दोन डझन पक्षी सापडले. आज होक्काइदोत ते हजारावर आहेत. मधल्या काळात काय झालं? 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, कडक हिवाळ्यात उपाशी पडलेल्या या पक्ष्यांना तिथल्या शेतकऱ्यांनी मका टाकायला सुरुवात केली. पुढे हिवाळ्यात दाणे टाकण्याच्या जागाच ठरून गेल्या, आणि जगभरचे फोटोग्राफर पहाटे उणे तापमानात त्याच भागात ट्रायपॉड लावून रांगेत उभे राहू लागले. म्हणजे या निर्मनुष्य वाटणाऱ्या चित्रांच्या चौकटीबाहेर मका आहे आणि मका टाकणारा माणूस आहे. निदान तिथला बर्फ तरी खरा आहे. आमच्या नकलेत तोही नाही.

परभणीची थंडी मात्र खोटी नाही. इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली गेलाय. पहाटे गाडीवर बोटं बधिर होतात, शटर दाबलं की नाही तेही कळत नाही. पण ही थंडी दिसते कशात? शेकोटीच्या धुरात, डोक्याला गुंडाळलेल्या उपरण्यात, हरभऱ्यावरच्या दवात. नेमकं तेच आम्ही पुसतो. मंगोलिया, तिबेट, लडाखमधून हिमालय ओलांडून हे हंस येतात, सात हजार मीटरवर उडाल्याच्या नोंदी आहेत त्यांच्या. ते बर्फ मागे टाकून इथे येतात आणि आम्ही त्यांना फोटोत परत बर्फात नेऊन ठेवतो. थोडं निर्दयीच म्हणायला हवं.

हे शहाणपण माझं मला सुचलेलं नाही. धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, गहू पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. मी ज्यांच्या बांधावर बसून फोटो काढला त्या काकांना तो मोबाइलवर दाखवला.

"हे कुठलं हाय?"

"काका, इथलंच. तुमच्याच शेतातलं."

त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "मग माझा हरभरा कुठं गेला?"

मी पोस्ट-प्रोसेसिंगबद्दल काहीतरी पुटपुटलो. ते हसले. "पाखरं निदान शेंडे तरी खातेत. तुम्ही तर रानच खाल्लं की सगळं."

मग मी त्यांना त्याच सकाळचा एक नापास फोटो दाखवला. तो खरोखरच चांगला नाही. उजेड करडा, उजव्या कोपऱ्यात बुजगावण्याचा अर्धा शर्ट, पत्र्याचा डबा, आणि माना खाली घालून चरणारे वीसेक हंस. नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. स्पर्धेला पाठवला तर पहिल्याच फेरीत बाहेर. काकांनी मात्र दोन बोटांनी तो मोठा केला आणि डावीकडून सरकवत नेला. त्यांनी पक्षी मोजले नाहीत, खाल्लेली तासं मोजली.

"ह्यो टाका मला," ते म्हणाले. "तलाठ्याला दाखवायला."