पाठांतर आणि पुराण

फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) गौरव होतो तो बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीपुरता. आम्हांस तिच्याहून मोलाचा वाटतो तो ग्रंथारंभीचा प्रसंग. साष्टीत रविवारी मुलांची शिकवणी चालू असता एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंना विनवितो की, धर्मशिक्षण मिळाले, आता आमच्या भाषेत एखादे पुराणही द्यावे. प्रश्नोत्तरे पाठ होती. मन मात्र उपाशी होते.

विशेष हे की, १६२२ साली, मरणोत्तर, छापली गेलेली कोकणी प्रश्नोत्तरी स्टीफन्सांचीच. तिची उणीव त्यांच्याइतकी कोणाला कळणार? पुराणातही सिद्धान्त मांडू लागले की त्यांची ओवी कोरडी पडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु कथा दुःखसहनाकडे वळली की ऐकणारा क्रुसाखाली जाऊन उभा राहतो. उपवासकाळात गोव्याच्या गावोगावी हे पुराण गायिले जाई, ते काही परीक्षेसाठी नव्हे.

प्रथम ख्रिस्तप्रसादापूर्वी आम्ही मुलांची घेतो ती परीक्षा अद्याप पाठांतराचीच. एकदा एका मुलीने सारी उत्तरे अचूक दिली आणि जाता जाता विचारले, “फादर, येशूला खिळे ठोकत होते, तेव्हा मरियामातेने काय केलं?” आम्ही पुढच्या मुलाला बोलावले.