मॉडबसचं स्पेसिफिकेशन काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं

पीएलसीच्या डेटावर आधारलेले पेपर वाचायला घेतले की पद्धतीच्या भागात एक वाक्य हमखास भेटतं: यंत्रांचा डेटा मॉडबसवरून दर सेकंदाला घेतला. बस्स. पुढे लगेच मॉडेल, आलेख आणि अचूकतेची टक्केवारी. कम्युनिकेशन मॉड्यूल कसं कॉन्फिगर केलं, यावर एक ओळही नाही. या लेखात त्या वाक्यामागचा मूळ दस्तऐवज वाचू, म्हणजे मॉडबसचं स्पेसिफिकेशन.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न अगदी जवळचा आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आज जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला डेटासाठी सर्वात जवळचं ठिकाण बहुतेक वेळा साखर कारखानाच असतं. तिथे ड्राइव्ह एका कंपनीचा, फ्लो मीटर दुसऱ्या, वीजमीटर तिसऱ्या. सगळ्यांना समजणारी भाषा एकच, मॉडबस. आणि गाळप वर्षातून काही महिनेच चालतं. डेटा चुकीचा आला हे हंगाम संपल्यावर कळलं, तर पीएचडीचं एक वर्ष गेलं म्हणून समजा.

स्पेसिफिकेशन चांगलं कुठे आहे

मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी आणला. त्याच्या अ‍ॅप्लिकेशन प्रोटोकॉलची २०१२ ची आवृत्ती जेमतेम ५० पानांची आहे. औद्योगिक संवादाचे इतर दस्तऐवज पाहिलेत तर ही किती मोठी गोष्ट आहे हे कळेल. प्रत्येक फंक्शन कोडसाठी विनंती, उत्तर, चुकीचं उत्तर आणि एक सोडवलेलं उदाहरण दिलंय. सिरियल लाइनसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे. विद्यार्थ्याने एका दिवसात मूळ दस्तऐवज वाचून समजून घ्यावा, असे प्रोटोकॉल फार थोडे. म्हणून 'व्हिडिओ बघून केलं' हे उत्तर इथे चालत नाही.

ते गप्प कुठे बसतं

पहिली गोष्ट, पत्ता. दस्तऐवज सांगतो की रजिस्टरची मोजणी १ पासून, पण तारेवर जाणारा पत्ता ० पासून. इथवर स्पष्ट आहे. पण मीटरच्या मॅन्युअलमध्ये ४०१०१ छापलेलं असतं, तेव्हा तारेवर १०० जायला हवा. काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतात, काही तुमच्यावर सोडतात. एका आकड्याने चुकलात तर शेजारचं रजिस्टर वाचलं जातं. तिथे दुसऱ्या हीटरचं तापमान असेल, तर आकडा अगदी खरा वाटेल. हीच चूक सर्वात घातक, कारण ती दिसत नाही.

दुसरी गोष्ट, ३२ बिटांचे आकडे. मॉडबसला फक्त १ बिट आणि १६ बिट माहीत आहेत. रजिस्टरच्या आत मोठा बाइट आधी, हे ठरलेलं आहे. दोन रजिस्टर जोडताना आधी कुठलं, हे ठरलेलं नाही. रसाचं तापमान ७२.५ अंश असेल तर फ्लोटच्या रूपात ते १७०४१ आणि ० अशा दोन रजिस्टरमध्ये बसतं. क्रम उलटा लावला की उत्तर जवळपास शून्य येतं. ही चूक निदान ओरडून सांगते. वीजमीटरच्या युनिटचं फक्त खालचं रजिस्टर घेतलं तर मात्र आकडा ६५५३५ पर्यंत नीट वाढतो आणि मग शून्यावर येतो. तोवर सगळं बरोबरच वाटतं.

तिसरी गोष्ट, वेळ. मॉडबसच्या साध्या उत्तरात वेळेचा शिक्का नसतो. 'दर सेकंदाला' हा दावा म्हणूनच हिशोबाने तपासावा लागतो. कागद-पेन घ्या. वेग ९६००, एका अक्षराला ११ बिट, प्रत्येक मीटरकडून १० रजिस्टर. विनंती ८ बाइट, उत्तर २५; म्हणजे ३३ अक्षरं, साधारण ३८ मिलिसेकंद. दोन फ्रेमच्या मागची साडेतीन अक्षरांची शांतता धरून ४६. अशी २० उपकरणं एका लाइनवर असतील तर फेरीला ०.९२ सेकंद, आणि यात उपकरणाने उत्तर तयार करायला घेतलेला वेळ धरलेलाच नाही. तो प्रत्येकी १० मिलिसेकंद धरला तरी सेकंद ओलांडला. त्यात एक उपकरण बंद आणि टाइमआउट १ सेकंद असेल, तर फेरी दोन सेकंदांच्या पुढे जाते.

त्या बंद उपकरणाच्या जागी डेटात काय येतं? हे मॉड्यूलच्या किंवा प्रोग्रामच्या सेटिंगवर अवलंबून: शून्य, किंवा शेवटचा आकडा तसाच धरून ठेवलेला. दुसऱ्या पर्यायात आलेखावर सुंदर सरळ रेष येते. तुमचं मॉडेल तिला 'प्रक्रिया स्थिर आहे' असं वाचतं.

मग दोष कुणाचा?

माझ्या मते स्पेसिफिकेशनचा नाही. त्याने थोडंच ठरवलं, म्हणूनच ते स्वस्तातल्या स्वस्त मीटरमध्येही बसलं आणि इतकी वर्षं टिकलं. ज्या गोष्टी त्याने मोकळ्या सोडल्या, त्या वापरणाऱ्याने ठरवून लिहायच्या आहेत. दोष आहे तो 'मॉडबसवरून घेतला' एवढं लिहून थांबणाऱ्या आपल्या पेपरांचा. 'मॉडबस' हे नाव घेतलं की पद्धत सांगून झाली, असा समज आहे. प्रत्यक्षात तिथून ती सुरू होते.

म्हणून प्रबंधात अर्ध्या पानाचा तक्ता द्या: वेग, पॅरिटी, स्टॉप बिट, प्रत्येक उपकरणाचा क्रमांक, तारेवरचा पत्ता, डेटा प्रकार, शब्दांचा क्रम, गुणक, टाइमआउट, पुन्हा किती वेळा विचारलं, संपर्क तुटल्यावर कुठली किंमत नोंदवली, आणि फेरीचा मोजलेला वेळ, हिशोबाने काढलेला नव्हे. डेटासोबत संपर्क ठीक होता की नाही, हे सांगणारा एक वेगळा कॉलम ठेवा. गाळप सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक उपकरणाच्या डिस्प्लेवरचा आकडा हाताने लिहून तुमच्या फाइलशी जुळवून बघा. अर्धा दिवस जातो.

तोंडी परीक्षेत एखाद्या परीक्षकाने विचारलं की हा आकडा नेमका त्याच मीटरचा कशावरून, तर मॉडेलची ९८ टक्के अचूकता त्याचं उत्तर देऊ शकत नाही. तो तक्ता देऊ शकतो.