हापशाभोवतीचा पार : नवजोत अल्ताफ यांच्या सहयोगी कलाव्यवहाराची समीक्षा

प्रस्तुत लेखात नवजोत अल्ताफ यांच्या सुमारे पाच दशकांच्या कलाप्रवासाचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. कलावंत जेव्हा इतरांसोबत काम करतो, तेव्हा त्या कृतीतील निर्णय कोणाचे असतात आणि अखेरीस नाव कोणाचे लागते, हा तो प्रश्न होय. मराठीत बांधिलकीची चर्चा साहित्याच्या संदर्भात विपुल झाली. दृश्यकलेच्या संदर्भात ती त्या मानाने फारच थोडी झाली आहे आणि जी झाली तीही बहुधा 'चित्राचा विषय काय' यापाशीच थांबली. चित्र कोणी, कोणासह आणि कोणाच्या सोयीने घडविले, हे विचारण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही.

नवजोत यांचा जन्म १९४९ साली मेरठ येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १९७० च्या दशकात त्या व त्यांचे पती, चित्रकार अल्ताफ 'प्रोग्रेसिव्ह यूथ मूव्हमेंट' या डाव्या विचारांच्या युवक संघटनेत सक्रिय होत्या. पोस्टरे काढणे, कलादालनाबाहेर वस्त्यांमध्ये चित्रे नेऊन दाखविणे हा त्या काळच्या कामाचा भाग होता. या टप्प्याविषयी आदराने लिहिण्याची प्रथा आहे. तो आदर योग्यच आहे. तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पोस्टर वस्तीत जात होते, पण त्यावर काय असावे हे वस्तीने ठरविलेले नव्हते. कला लोकांसाठी होती. 'लोकांसाठी' या शब्दातच देणारा आणि घेणारा अशी विभागणी गृहीत असते. नवजोत यांच्या पुढील कारकिर्दीकडे या विभागणीशी चाललेले दीर्घ भांडण म्हणून पाहता येते.

त्या भांडणाला वळण मिळाले ते १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर. १९९४ सालच्या 'लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रीडिस्कव्हर्ड' या मांडणशिल्पात माहितीपटकार मधुश्री दत्ता आणि ग्वाल्हेर गायकीच्या गायिका नीला भागवत या त्यांच्या सहकारी होत्या. शहर दुभंगले असताना एकट्याने कॅनव्हासपुढे उभे राहणे अपुरे वाटले असणार, असे अनुमान करता येते. येथे सहयोग आहे. मात्र तो समान सामाजिक स्तरातील, आपापल्या क्षेत्रात नाव असलेल्या व्यक्तींमधील आहे. त्यात कोणी कोणाला झाकोळण्याची शक्यता कमी असते. खरी परीक्षा पुढे बस्तरमध्ये व्हावयाची होती.

१९९७ पासून नवजोत कोंडागाव येथे काम करू लागल्या. प्रारंभी घडवा धातुशिल्पाचे ज्येष्ठ कलावंत जयदेव बघेल यांच्या 'शिल्पी ग्राम' या केंद्रात, आणि नंतर राजकुमार, शांतीबाई व घेस्सूराम या स्थानिक कलावंतांसमवेत. २००० साली 'डायलॉग इंटरॅक्टिव्ह आर्टिस्ट्स असोसिएशन' ही संस्था आकारास आली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. शांतीबाई लाकूड कोरतात. हे काम परंपरेने पुरुषांचे मानले जात असल्याने त्यांचे या गटात असणे ही साधी बाब नव्हती.

या गटाच्या कामांपैकी 'नलपार' आणि 'पिला गुडी' ही दोन विशेष विचारार्ह होत. पिला गुडी म्हणजे मुलांसाठी उभारलेली वास्तू. शाळेच्या शिस्तीबाहेर जमण्याची, ऐकण्या-सांगण्याची, हाताने काही करून पाहण्याची जागा. नलपार म्हणजे हापशाभोवतीची रचना. (मराठी कानाला 'पार' म्हटले की वडाभोवतीचा पार आठवतो. व्युत्पत्तीचा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ग्रिअर्सन यांनी हलबीची नोंद मराठीच्या खंडात केली होती, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.)

नलपारचे वर्णन थोडे सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण त्याचे सौंदर्य त्याच्या तपशिलातच आहे. सार्वजनिक हापशाची नेहमीची स्थिती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. खचलेला ओटा, सभोवती चिखल, साचलेले पाणी. पाणी भरणारी स्त्री भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर घेते, आणि कमरेवर व मानेवर एकाच झटक्यात सारा भार येतो. कोंडागाव परिसरातील नलपारांमध्ये पक्का ओटा, सांडपाणी वाहून नेणारी वाट आणि सभोवती भिंती आहेत. भिंतींवर स्थानिक प्रतिमासृष्टीतील आकार आहेत. भांडे टेकविण्यासाठी मधल्या उंचीवर जागा आहेत. घागर प्रथम तेथे ठेवावयाची आणि तेथून चुंबळीवर घ्यावयाची. भिंतींमुळे थोडा आडोसा मिळतो, तिथे दोन घटका बोलत थांबता येते. या गोष्टी पाणी भरणाऱ्यांशी बोलल्याखेरीज सुचणाऱ्या नव्हेत.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो क्षुल्लक नाही. हे समाजकार्य झाले. यात कला कोठे आहे? प्रस्तुत लेखकाने काही वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केले आहे. एका हिवाळी शिबिरात आमच्या विद्यार्थ्यांनी हापशाजवळ शोषखड्डा खणला, ओट्याला सिमेंट केले, अहवालात छायाचित्रे लावली. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा खड्डा गाळाने भरला होता आणि बायका ओट्याच्या दुसऱ्या बाजूने पाणी भरत होत्या. आमची बाजू त्यांना गैरसोयीची होती. सात दिवसांत आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते. श्रमदान प्रामाणिक होते. पण रचना आमची होती.

नलपार आणि आमचा शोषखड्डा यांतील भेद केवळ हेतूचा नाही. तो रूपाचा आहे. भांडे टेकविण्याच्या जागेची उंची हा तेथे शरीराच्या निरीक्षणातून आलेला शिल्पविषयक निर्णय आहे. रिकाम्या आणि भरलेल्या घागरीसह वावरणाऱ्या देहाभोवती आकार बेतणे हे शिल्पकाराचेच काम होय. फरक इतकाच की येथे आकार पाहण्यासाठी बेतलेला नाही.

इंग्रजी कलासमीक्षेत अशा कामांवरून बराच वाद झाला. क्लेअर बिशप यांनी २००६ च्या एका गाजलेल्या लेखात असे प्रतिपादन केले की, सहभागी कलेचे मूल्यमापन करताना समीक्षक नैतिक सद्‌गुण मोजतात आणि कलात्मक निकष सोडून देतात. ग्रँट केस्टर यांनी उलट बाजू मांडली, संवादाची प्रक्रिया हीच कृती मानावी असे सुचविले आणि २०११ सालच्या 'द वन अँड द मेनी' या ग्रंथात कोंडागावच्या कामाची सविस्तर दखल घेतली. केस्टर यांची सहानुभूती मोलाची आहे. परंतु संवादावर एवढा भर दिला की वस्तू मागे पडते, आणि नलपारची वस्तू चांगली घडली नसती तर तिथला संवाद कितीही समृद्ध असूनही बायकांनी दुसऱ्या बाजूनेच पाणी भरले असते. या बाबतीत बिशप यांच्या निकषावरही नलपार टिकते असे मला वाटते.

याचा अर्थ सारे प्रश्न सुटले असा नाही. नवजोत मुंबई आणि बस्तर यांमध्ये ये-जा करू शकतात. त्यांच्या सहकाऱ्यांची ये-जा तेवढी मोकळी असणे कठीण. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतर नवजोत यांनी केलेली 'लॅक्यूना इन टेस्टिमनी' ही समुद्रदृश्ये आणि आरसे यांची चित्रफीत-मांडणी, किंवा छत्तीसगडमधील जमीन व खाणी यांवरील 'सोल ब्रेथ विंड' हा २०१४ ते २०१८ या काळातील चित्रपट, या कृती त्यांच्या नावे प्रदर्शनांतून फिरतात. नलपार फिरू शकत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अडजानिया यांनी नवजोत यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन योजले. अशा प्रदर्शनात पोस्टर पोस्टर म्हणूनच येते, शिल्प शिल्प म्हणून येते. हापशाचे मात्र फक्त छायाचित्र येऊ शकते. जी कृती सर्वांत अधिक जणांची, तीच संग्रहालयात सर्वांत क्षीण होते, आणि सिंहावलोकन हा प्रकारच एका व्यक्तीच्या आयुष्याभोवती रचलेला असल्याने बाकीची नावे संदर्भापुरती उरतात. हा दोष कलावंताचा की संस्थांचा, असा प्रश्न केल्यास माझे उत्तर मुख्यतः संस्थांचा असे आहे. मात्र 'मुख्यतः' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. इतक्या वर्षांच्या वास्तव्यानंतर आणि संस्थेच्या सामूहिक नावानंतरही ही विषमता उरली, ती नवजोत यांनी लपविलेली नाही. पण न लपविणे आणि दूर करणे यांत अंतर आहे.

प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही एकच नाव आहे. त्याचे कारण साधे आहे. मला उपलब्ध झालेले लेखन प्रामुख्याने इंग्रजी आहे आणि ते याच नावाभोवती गुंफलेले आहे. शांतीबाई, राजकुमार आणि घेस्सूराम यांच्याविषयी त्यांच्या त्यांच्या कामाचे कर्ते म्हणून लिहावयाचे झाल्यास कोंडागावला जाऊन, हलबीत ऐकून घ्यावे लागेल. मराठी अभ्यासकाला ते इंग्रजी समीक्षकापेक्षा सोपे जावे.