न मागितलेले पाचशे जीबी

आता गूगल क्लाउडची ही कमांड घ्या : जीक्लाउड कम्प्यूट डिस्क्स क्रिएट, पुढे डिस्कचं नाव आणि झोन. एवढ्यावर एंटर मारलं तरी काम होतं, आणि माझी तक्रार तिथेच आहे. साइझ आणि प्रकार लिहिला नाहीत, तर निमूटपणे ५०० जीबीची स्टँडर्ड डिस्क तयार होते. बिल वापरलेल्या जागेचं नाही, मागितलेल्या जागेचं. बरं, नंतर कमी करू म्हणाल, तर डिस्क वाढवता येते, लहान करता येत नाही. मग नवी छोटी डिस्क करा, डेटा हलवा, जुनी पुसा. गंमत बघा, २०० जीबीच्या आत मागितलंत की वेग कमी पडेल असा इशारा येतो. पाचशेला कुणी हटकत नाही!

एक मात्र मान्य केलं पाहिजे. डिस्क कोरी आहे, फॉरमॅट आणि माउंट केल्याशिवाय वापरता येणार नाही, हे ती कमांड स्वतःहून सांगते. झोन तेवढा सांभाळा हं : मशीन मुंबईच्या ‘ए’ झोनमध्ये आणि साधी डिस्क ‘बी’मध्ये असेल तर ती जोडलीच जात नाही. आणि अशी नंतर जोडलेली डिस्क, मशीन पुसलं तरी एरवी मागे राहते. बिलासकट.