ध्वनिसंपादन आणि ध्वनिमिश्रण : एक आवश्यक भेद

चित्रपटाच्या परीक्षणात ध्वनीच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : ‘ध्वनी परिणामकारक आहे.’ या वाक्यात दोन स्वतंत्र कर्मांची सरमिसळ झालेली असते. पहिले कर्म ध्वनिसंपादनाचे. दृश्यात कोणता आवाज असावा, तो कोठून मिळवावा, कोणत्या क्षणी सुरू व्हावा आणि कोठे थांबावा, याचा निर्णय त्यात होतो. दुसरे कर्म ध्वनिमिश्रणाचे. संवाद, परिणामध्वनी व संगीत यांच्या जमविलेल्या पट्ट्या एकत्र आणताना कोणत्या आवाजास किती बळ, किती अंतर व कोणती दिशा द्यावयाची, हे त्यात ठरते. पहिल्यात निवड प्रधान, तर दुसऱ्यात तारतम्य. हा भेद केवळ श्रमविभागणीचा नसून अर्थनिर्मितीचा आहे. म्हणूनच समीक्षेला त्याची दखल घेणे प्राप्त आहे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रसंग घेता येईल. शहाड स्थानकाच्या फलाटावर एक आई दूरगावी निघालेल्या मुलास निरोप देत आहे आणि कसाऱ्याकडून येणारी लोकल फलाटाला लागत आहे. चित्रणाच्या वेळी टिपलेल्या आवाजात गर्दीचा कलकलाट, कावळे, उद्घोषणा, उड्डाणपुलावरील मोटारींची घरघर असे सारेच असेल. संपादक त्यातून आईचे वाक्य सोडवून घेतो. ते अस्पष्ट असल्यास अभिनेत्रीकडून पुन्हा म्हणवून घेतो. मुलाने पिशवी उचलल्याचा आवाज स्टुडिओत नव्याने निर्माण करवून घेतो. कावळे वगळतो आणि ब्रेकची किंकाळी आईच्या शेवटच्या शब्दावर आणून ठेवतो. येथे निवडीचे काम संपते. परंतु ती किंकाळी त्या शब्दाला गिळून टाकील, की शब्द तिच्या वर तरंगत राहील, हा प्रश्न उरतोच. शब्द ऐकू आला तर प्रसंग वात्सल्याचा होतो. बुडाला तर तोच प्रसंग ताटातुटीचा होतो. पट्ट्या त्याच, क्रमही तोच. बदलते ते केवळ प्रमाण. मिश्रण म्हणजे तयार कृतीवर फिरविलेला अखेरचा हात, हा समज येथे टिकत नाही.

प्रत्यक्ष कलाकृतींतही हे पडताळून पाहता येते. प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली. आजच्यासारख्या असंख्य पट्ट्यांची सोय त्या काळी नव्हती. तथापि भेद होताच. संगीत गाळणे हा निवडीचा निर्णय होय. त्याचे फळ मात्र तारतम्यात दिसते. संगीताचे आवरण नाहीसे झाल्यामुळे घरातील लहानसा आवाजही प्रेक्षकाच्या कानी ठळक होतो आणि नीरेच्या कोंडमाऱ्याला घराच्याच आवाजांची साथ मिळते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्याचे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. ते स्वर नेमक्या त्या क्षणी यावेत, ही योजना पटकथेची आणि संपादनाची. परंतु ते शाळेतूनच येत आहेत, हे भान प्रेक्षकास राहणे तितकेच आवश्यक आहे. तेच स्वर वाद्यवृंदाच्या भरघोसपणाने पडदा व्यापते, तर ते कथेतील शाळेचे न राहता दिग्दर्शकाचे भाष्य बनले असते आणि प्रसंगातील उपरोध बोथट झाला असता. अंतराचे हे भान राखणे मिश्रणाच्या कक्षेत येते.

पुरस्कारांच्या इतिहासातही या भेदाविषयीची द्विधा दिसून येते. २००९ च्या ऑस्कर समारंभात ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी रसूल पूकुट्टी यांना दोन सहकाऱ्यांसह मिळालेला पुरस्कार मिश्रणाचा होता, संपादनाचा त्या वर्षी ‘द डार्क नाइट’कडे गेला. २०२१ च्या समारंभापासून ते दोन्ही विभाग एक झाले. भारताच्या राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ च्या चित्रपटांपासून स्थळध्वनिलेखन, ध्वनिसंरचना व अंतिम मिश्रण असे तीन विभाग होते. त्यामुळेच २०१४ च्या चित्रपटांत स्थळध्वनीचा मान मराठी ‘ख्वाडा’ला आणि उरलेले दोन्ही बंगाली चित्रपटसृष्टीला, असा विवेक शक्य झाला. २०२२ च्या चित्रपटांपासून तेथेही ध्वनिसंरचनेचा एकच पुरस्कार उरला. परंतु २०२३ च्या चित्रपटांसाठी मिश्रणकार एम. आर. राजकृष्णन यांचा विशेष उल्लेख करावा लागला. विभाग मिटला तरी कर्म मिटत नाही, असाच याचा अर्थ होतो.

आता एकच व्यक्ती एकाच संगणकावर दोन्ही कामे करू शकते, तेव्हा हा भेद कालबाह्य झाला, असा आक्षेप घेतला जातो. तो ग्राह्य वाटत नाही. नाटककार स्वतःच दिग्दर्शक असला म्हणून संहिता व प्रयोग एक होत नाहीत. अभ्यासकाने कोणत्याही दृश्यास दोन प्रश्न विचारावेत : हा आवाज येथे नसता, किंवा क्षणभर आधी आला असता, तर काय झाले असते? आणि हाच आवाज याच क्षणी निम्म्या बळाने आला असता, तर? पहिल्याचे उत्तर संपादनाकडे नेते, दुसऱ्याचे मिश्रणाकडे. ही दोन उत्तरे वेगळी मांडली गेली, तरच ध्वनीविषयीचे ते एकच वाक्य समीक्षेच्या पदवीला पोहोचेल आणि श्रेय ज्याचे त्यास मिळेल.